रकाना नऊ

शाळेतून फोन आला तेव्हा मी कंपूला
स्कूटीत पेट्रोल भरत होते.
बाई दबक्या आवाजात म्हणाल्या,
मुलगी स्वेटरची बाही वर करत नाही.
ग्वाल्हेरची जानेवारी, मी म्हटलं, कोण करतं?
तसं नाही हो. हात धुतानासुद्धा.

घर लष्करात. धुकं असं
की गल्ली चाचपत जावी लागली.
दारावरची पाटी मराठीत निघाली.
दुसरं कुणी असतं तर, असं मनात आलं,
आणि ते आलं म्हणून स्वतःचाच राग.

काकूंनी ओळखलं.
तुम्ही दिघ्यांच्या सूनबाई ना?
गणपतीत अथर्वशीर्षाला माझ्या शेजारी बसता.
चहा आला. बशीत गजक, कडेला तीळ सांडलेले.
गजक मी खाल्ली नाही, चहा घेतला.
घ्यावा की नाही, हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.
'पोळी करताना तवा लागला तिला.
आपल्या लोकांत तसलं काही नसतं हो.'
त्या 'आपल्या'ने
आतून कडी लावून घेतली.

मुलीचं नाव सांगता येत नाही, कायदा आहे.
वैजयंती म्हणू.
वय आठ. वडील नाहीत. आई नर्सिंग होममध्ये,
कायम रात्रपाळी.

गच्ची दाखवतेस? मी विचारलं.
वरून किल्ला दिसत नव्हता,
एवढा थोरला किल्ला कुणी उचलून नेल्यासारखा.
'रोज असतो,' ती म्हणाली.
'दिसत नाही तेव्हापण.'
आम्ही कबुतरं मोजली. सहा. सात.
विचारायचं नसतं.
उत्तर तिच्या तोंडात घालायचं नसतं.
थांबायचं, आणि थांबताना
मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचं नाही.
आठ.
तिनं बाही जराशी सरकवली.
'डाग दिला.'
कुणी, हे ओठांवर आलेलं मी गिळलं.
'नऊ,' ती म्हणाली. एक उडून गेलं होतं तरी.

फॉर्म हिंदीतला.
रकाना नऊ : बच्चे के अपने शब्दों में.
मी लिहिलं, दाग दिया.
वाचलं तर युनिफॉर्मवर शाई सांडल्यासारखं.
खोडून लिहिलं, दागा.
आता तोफ उडाल्यासारखं.
शेवटी तिचंच लिहिलं, लिपी तर एकच आहे.

चोवीस तासांच्या आत समितीपुढे.
डॉक्टरांचा कागद : भाजल्याची खूण, जुनी.
कारण निश्चित सांगता येत नाही.
काका इस्त्रीच्या शर्टात, नम्र.
'डाग म्हणजे दागिना, मॅडम.
आमच्यात सोन्याच्या वस्तूला डागच म्हणतात.
वाढदिवसाला बांगडी दिली होती, तेच सांगतेय पोर.'
अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.
असं म्हणतात का?

म्हणतात.
माझी सासूही म्हणते.
त्या खोलीत दोन्ही अर्थ ठाऊक असलेली माणसं तीन,
त्यांतलं एक खुर्चीवरून पाय हलवत होतं,
पाय जमिनीला टेकत नव्हते.
म्हणतात, मी म्हटलं. पण दागिना दाखवताना
बाही अर्ध्यावर थांबत नाही.
हे माझं मत आहे, पुरावा नाही,
असं नोंदलं गेलं. बरोबरच नोंदलं गेलं.

पंधरा दिवस बालिकागृह. मग पुन्हा तारीख.
किल्ला दिसतो का तिथून, तिनं विचारलं.
मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

जिन्यात तिची आई भेटली,
ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यांतच, वर काकांची शाल.
शालीकडे मी बघितलेलं तिला दिसलं.
तिनं ती काढली, घडी घातली, कुठे ठेवावी कळेना.
'मी सकाळी घरी येते ना, तेव्हा ही झोपलेली असते.
दोन महिने झाले,
उजवा हात रजईच्या बाहेर ठेवून झोपते.
मला वाटायचं, उकडत असेल.'
मग म्हणाली, 'या थंडीत.'
आणखी काही बोलली नाही.

रकाना नऊ फक्त मुलीच्या शब्दांसाठी असतो.
जागा उरली होती.
जिन्याच्या कठड्यावर कागद टेकवून
मी तिथेच लिहिलं.